तिसरी नळी

"कुठली कुणाची, ते विचारायचं न्हाई," दस्तगीर चाचा म्हणाले. "नाव कळलं की बोट बदलतंय."

बाकावर तीन नळ्या ठेवल्या होत्या. तिन्हींना चाचांनी जुन्या लुंगीच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या, नुसती तोंडं आणि बुडं उघडी. पट्ट्यांवर खडूनं एक, दोन, तीन असे आकडे. आमच्या क्लबची ही जुनी पद्धत. रायफलीला दुसरी नळी घ्यायची तर ती आंधळेपणानं घ्यायची. कोणती परदेशातनं आली, कोणती कुणा चॅम्पियननं वापरली हे कळलं की माणूस तिच्या प्रेमात पडतो, आणि मग वाईट गोळीसुद्धा त्याला चांगली वाटायला लागते.

"चाचा, मी काय आज आले का रेंजवर?"

"म्हणूनच सांगतोय. जुनी माणसंच जास्त चोर असत्यात."

माझी स्वतःची नळी संपली होती. बाहेरून बघाल तर तशीच काळी, चकचकीत, पण हजारो गोळ्या खाऊन आतून झिजलेली. पन्नास मीटरवर पडून मारायचं, शर्टाच्या बटणाएवढा दहाचा गोल, आणि पाचातली एक गोळी काही कारण नसताना बाहेर. आधी मी स्वतःला शिव्या घातल्या, मग गोळ्यांच्या कंपनीला. शेवटी चाचांनी रायफल शिकंज्यात आवळून मारून बघितली आणि म्हणाले, "तुझी चूक न्हाई, पोरी. हिचं वय झालं."

वय माझंही झालंच होतं, घरच्यांच्या मते. सत्तावीस. दादाशी बोली झाली होती की दिल्लीची निवड चाचणी ही शेवटची. भारताच्या संघात नाव आलं तर पुढं खेळायचं, नाहीतर रायफल क्लबला देऊन टाकायची आणि बघायला येणाऱ्यांपुढं गपगुमान पोहे न्यायचे. चाचणी पंधरवड्यावर आली होती. मला झोप लागत नव्हती, आणि लागली की स्वप्नात गोळी बाहेर जायची.

माझ्या रायफलीची नळी बदलणं अवघड नाही. बुडाशी स्क्रू असतात, ते सोडले की जुनी निघते आणि दुसरी बसते. अवघड असतं ते नळी मिळणं. बाहेरून मागवायची म्हणजे परवानग्यांमध्येच वर्ष गेलं असतं. चाचांनी क्लबच्या कपाटातनं दोन जुन्या काढल्या. तिसरी कुठून आणली ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला ते आधीच कळलं होतं, कारण आदल्या दिवशी खैरून चाची आमच्या घरी येऊन गेली होती.

चाची म्हणजे चाचांची बायको. ईदचा डबासुद्धा ती कुणाच्यातरी हाती पाठवायची, स्वतः कधी यायची नाही. तिला भर दुपारी दारात बघून आई गडबडूनच गेली. चाचीनं पाणी घेतलं नाही. माझा हात धरून मला परड्यात नेलं आणि कढीपत्त्याच्या झाडाखाली उभं केलं.

"वैजू, उद्या तुला तो तीन नळ्या दाखवणार हाय. त्यातली एक आमच्या तस्लीमची."

"चाचा ती देणार?"

"मी जेवान सोडलं, तवा तयार झालाय. जी चांगली निघंल ती वैजू नेईल, म्हणाला." तिनं माझा हात आणखी घट्ट धरला. "बाई गं, तू तीच उचल. कशी बी मारू दे. हीच पायजे म्हण आणि माझ्या घरातनं न्हे ती."

तस्लीम त्यांची एकुलती एक. माझ्याच वयाची. रेंजवर आठ वर्षं आम्ही शेजारी शेजारी पडून मारलं. तिचं कोपर माझ्या कोपराला लागायचं म्हणून मी तिला ढकलायचे, आणि ती हसली की आम्हा दोघींचीही गोळी वाया जायची. दोन वर्षांपूर्वी पुण्याची मॅच मारून परत येताना गाडी घाटात उलटली. रायफलीचा लाकडी दस्ता फुटला, नळी शाबूत राहिली. तस्लीम राहिली नाही. चाचा घरात फोनपाशी बसून होते, स्कोअर कळायची वाट बघत. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "चाचा, तस्लीम गेली." चाचा म्हणाले, "अरे व्हय, पर कशी गेली ते सांग की." मॅचचंच सांगतायत असं वाटलं त्यांना. हे मला चाचीनंच नंतर सांगितलं होतं, आणि ते ऐकल्यापासून 'कशी गेली' हे शब्द माझ्या तोंडून निघेनासे झाले.

"कपाट उघडून बसतो," चाची सांगत होती. "नळी मांडीवर घेतो. तिच्या तोंडाशी नाक लावतो, बोलतो बी. मी भांडं आपटलं तर म्हणतो, हळू, निजलीया ती. अगं, माझी पोरगी कबरस्तानात हाय. मी तिथं जाते, रडते, परत येते. ती त्या लोखंडात न्हाई. पर आता मलाच भ्या वाटायला लागलंय, कपाट उघडलं की तिच्या ओढणीचा वास येतोय का काय."

"चाची, पट्ट्या बांधलेल्या असतात. मला कळणार कसं?"

"तुला न्हाई कळायचं तर कुणाला?"

मी नुसतं "बघते" म्हणाले. ती गेल्यावर मला राग आला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, वा गं वा! माझी आयुष्याची दिल्ली पणाला लागलीय आणि ह्यांच्या घरातलं भूत मी उचलायचं? ती नळी वाईट निघाली तर? आणि चांगली निघाली तर ती चाचांच्या मांडीवरनं ओढून न्यायची कशी? रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर. तस्लीमचा मला इतका राग कधीच आला नव्हता. मेलीस ती मेलीस आणि मला असं अडकवून गेलीस, असं मी खरंच म्हणाले, उशीत तोंड खुपसून.

आमची रेंज पन्हाळ्याच्या रस्त्याला, एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत. आठवड्याचा मधला वार, त्यामुळे दुसरं कुणी नव्हतं. चाचांनी सतरंज्या अंथरल्या होत्या, पण दोन. उजवीकडची माझी. डावीकडची रिकामी.

"चाचा, ही कुणाला?"

त्यांनी वळून बघितलं. "सवय," म्हणाले, पण ती उचलली नाही.

दुर्बीण एकच होती आणि ती चाचांपुढं, तीन पायांच्या तिकाटण्यावर. नळीच्या चाचणीत मारणाऱ्यानं दुर्बिणीतनं बघायचं नाही. गोळी सुटली की आधी मारणाऱ्यानं बोलायचं, कुठं गेली ते. मधी गेली, उजवीकडं गेली, जे आपल्या हाताला वाटलं ते. मग दुर्बिणीवरच्यानं खरं काय ते सांगायचं. फौजेतनं आल्यापासून चाचा क्लबच्या दुर्बिणीवर बसलेले. त्यांनी कधी एक गोळी चुकीची सांगितल्याचं कुणाला आठवत नाही. स्वतःच्या पोरीचा नववा असेल तर नववा. तस्लीम तेवढी हा नियम पाळायची नाही. ती नुसतं "गेली" म्हणायची. चाचा ओरडायचे, "कुठं गेली ते सांग!" ती म्हणायची, "गेली ती गेली, अब्बा. आता पुढची बघा."

पहिली नळी चाचांनी बसवली, स्क्रू आवळले, मला रायफल दिली. "साफ केलेली हाय. पहिल्या पाच जाऊ देत, मग मोज."

ही पण त्यांची शिस्त. साफ केलेली नळी सुरुवातीला कुठंही टाकते. आत थोडा धूर बसला की मग ती शांत होते. मी पाच वाया घालवल्या, मग पाच मारल्या.

"मधी गेली."

"आठ. वर."

"मधी गेली."

"नऊ. खाली उजवीकडं."

माझा हात जिथं होता तिथं गोळी नव्हती. माझ्या जुनीचीच बहीण. ती काढली. दुसरी बसवली, पुन्हा पाच वाया, पुन्हा पाच. ही बरी होती. दहा, नऊ, दहा, दहा, नऊ. हिच्यावर दिल्ली मारता आली असती, नशिबानं साथ दिली असती तर. चाचांचा आवाज मोकळा झाला. "बघ, ही चांगली हाय. जर्मनीची हाय," म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. नाव सांगायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःच मोडला होता. माझ्या लक्षात आलं की त्यांना ही दोन नंबरची माझ्या गळ्यात मारायचीय.

तिसरी बसवताना त्यांना वेळ लागला. मी पालथी पडून समोर लावलेल्या नव्या कागदाकडं बघत होते. स्क्रूची चावी दोनदा त्यांच्या हातातनं खाली पडली. रायफल माझ्या हातात देताना म्हणाले, "लगीच मोज हिला. वाया घालवू नकोस."

पहिल्या पाच जाऊ देत, असं ते म्हणाले नाहीत. म्हणजे ही साफ केलेली नव्हती. ज्या माणसानं मळक्या नळीपायी अख्ख्या कॅडेटांच्या तुकडीला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या, त्यानं ही साफ केलेली नव्हती! चाची म्हणाली होती, तुला कळंल. मला कळलं. गालाला रायफल लावली, आणि डाव्या कोपराला उगीचच वाटलं की शेजारी जागा कमी आहे.

"मधी गेली."

चाचांचा डोळा दुर्बिणीवरनं हलेना.

"चाचा?"

"आठ," ते म्हणाले. "डावीकडं."

नळी बदलली की निशाण थोडं सरकतंच, त्यात काही विशेष नाही. गोळी डावीकडं जात असेल तर रायफलीवरच्या निशाणाची घुंडी उजवीकडं फिरवायची. मी सहा क्लिक उजवीकडं घेतले.

"मधी गेली."

"सहा. आणखी डावीकडं गेली."

"असं कसं? उजवीकडं फिरवलंय मी."

"उलटं फिरवलं असशील."

मी घुंडी बघितली. उलटं फिरवलेलं नव्हतं. आणखी सहा क्लिक घेतले, उजवीकडंच.

"मधी गेली."

"चार. डावीकडं." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "न्हाई जमायचं, पोरी. ही नळी वाकलीया. गाडी उलटली तवाच वाकली असंल. राहू दे."

गाडी. म्हणजे आता लपवायचंही त्यांनी सोडलं होतं. आधी मला वाटलं, चाचांचा डोळा गेला. म्हातारपण, दुसरं काय. मग मी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. ते दुर्बिणीवर वाकलेले होते आणि दोन्ही डोळे मिटलेले होते. गोळी बघून झाली, आकडा सांगून झाला, आणि मग गच्च मिटलेले.

मला काय कळायचं ते कळलं. गोळ्या डावीकडं जातच नव्हत्या. उजवीकडं जात होत्या. पहिली उजवीकडं आठला लागली, चाचा डावीकडं म्हणाले, मी आणखी उजवीकडं ढकलली, ती आणखी बाहेर गेली. त्यांनी आकडे खरे सांगितले होते, नुसती बाजू उलटी सांगितली. आकडा खोटा सांगायचं धाडस झालं नाही त्यांना. आयुष्यभर खरं बोललेला माणूस, त्याला धड खोटंही बोलता येईना.

काय करावं? "चाचा, खोटं का बोलता?" असं विचारलं असतं तर ते तिथंच मोडून पडले असते. गप्प बसून दोन नंबरची घेतली असती तर चाची तोंडात अन्न घालणार नव्हती, आणि माझ्या दिल्लीत दोन नववे आधीच ठरलेले. मी पुढं वळले. घुंडीचे बाराही क्लिक मागं घेतले, आणि त्यावर आणखी सहा डावीकडं. एकेक क्लिक वाजत होता, आणि त्यांना तो ऐकू येत होता. मी श्वास सोडला, अर्ध्यात थांबवला आणि बोट दाबलं.

"मधी गेली," मी म्हणाले.

खाणीत आवाज फिरून आला. वर कड्यावरची पाखरं उडाली आणि परत बसली. मी वाट बघत होते. नाकात पाणी आलं होतं, पण हलायचं नाही म्हणून पुसलं नाही.

"दहा," चाचा म्हणाले. "मधी."

मग म्हणाले, "बास कर, वैजे."

"पाच मोजायच्यात, चाचा."

"बास कर गं." ते दुर्बीण सोडून खाली बसले होते, रिकाम्या सतरंजीच्या कडेला, तिच्यावर पाय न ठेवता. "साफ न्हाई केली मी ती. पुण्याची मॅच मारून ती घरी आली असती तर तिनंच साफ केली असती. बाकी काय बी विसरायची, पर नळी साफ केल्याबिगर जेवली न्हाई कधी. त्या दिशी आलीच न्हाई. तिचा धूर तसाच हाय आत. तिनं शेवटच्या मारलेल्या गोळ्यांचा. दोन वर्सं जपला मी. पावसाळ्यात गंजंल म्हणून कपाटात दिवा लावून ठेवला. आता तू एकेक गोळी मारतीस, आणि एकेक गोळीसंगं ती बाहेर जातीया. आतला धूर तुझा हुतोय."

मी रायफल खाली ठेवली. मी चार गोळ्या मारल्या होत्या, चारही त्या धुरातनं गेलेल्या. माझ्या हाताला वास येत होता, नेहमीचाच बारुदाचा वास, आणि तो हात कुठं ठेवावा हेच मला कळेना. मी रडायला लागले. हमसून हमसून, लाज न ठेवता. "मी न्हाई मारत," म्हणाले. "मी दोन नंबरची नेते. मला चालंल ती."

"चालंल?" चाचा एकदम गरजले. रेंजवर पोरांवर ओरडायचे तसेच. "दिल्लीला 'चालंल' घेऊन जाणार तू? ह्यासाठी शिकवलं तुला?"

मग आपल्याच आवाजानं दचकले. उठले. गुडघ्यांवर हात टेकत दुर्बिणीपाशी गेले, डोळा लावला, ह्या खेपेला उघडा.

"भर गोळी," म्हणाले. "मार. मी बघतोय."

मी मारल्या. कशा मारल्या विचारू नका. डोळ्यांत पाणी, तोंडातनं शब्द फुटत नव्हता, पण बोट दगडासारखं शांत होतं. असं माझं बोट त्याआधी कधी नव्हतं. प्रत्येक गोळीला चाचा म्हणायचे, "दहा. मधी." चार गोळ्या, चारदा. शेवटची झाल्यावर मी गाल रायफलीवर तसाच ठेवून पडून राहिले. डावं कोपर गरम लागत होतं.

चाचा चालत गेले आणि कागद घेऊन आले. बाजूला त्या भरकटलेल्या तीन गोळ्यांची भोकं, उजवीकडं, आणि मध्ये एकच भोक, थोडं फाटलेलं. त्यांनी कागद माझ्याकडं न देता स्वतःच घडी करून खिशात घातला.

"निवड झाली," म्हणाले.

सामान आवरताना त्यांनी विचारलं, सहज विचारावं तसं, माझ्याकडं न बघता. "शेवटच्या चार गोळ्यांना तू नुसतंच 'गेली, गेली' का म्हणत हुतीस? कुठं गेली ते सांगायची सवय हाय तुला."

मी त्या चार गोळ्यांना काहीच म्हणाले नव्हते. तोंडातनं एक अक्षर निघालं नव्हतं. माझं लक्ष डावीकडच्या सतरंजीकडं गेलं. ती सपाट, रिकामी, एका कोपऱ्याला वाऱ्यानं दुमडलेली. भर सकाळचं ऊन होतं, आणि मला दातखिळी बसायची वेळ आली.

"चुकून म्हणाले असेन, चाचा," मी म्हणाले.

"हं," म्हणाले. त्यांना पटलं की नाही, कुणास ठाऊक. सतरंजी त्यांनी हळूच गुंडाळली, आधी तिची, मग माझी.

आज ह्याला पुष्कळ वर्षं झाली. दिल्लीला माझी निवड झाली, पुढं मी त्याच नळीवर देशासाठी खेळले, पदकंही मिळाली, आणि दादानं तीच पदकं पाहुण्यांना दाखवून मिशीला पीळ दिला. ते सगळं झालं. तो आवाज मात्र मी एकदाही ऐकला नाही, हे माझं दुःख आहे. प्रत्येक गोळीनंतर मी कान देऊन थांबायचे. बाकीच्यांना वाटायचं, बाई फार एकाग्र आहे. चाचांना ऐकू आलं, मला का नाही? आठ वर्षं शेजारी पडले होते मी! अजूनही कधी रिकाम्या रेंजवर एकटी असले की डावीकडं थोडी जागा सोडून पडते, आणि मग स्वतःचीच भीती वाटून उठून बसते.

मी दिल्लीला निघाले त्या संध्याकाळी पेटी खांद्याला लावून चाचांच्या घरी पाया पडायला गेले होते. चाची जेवू लागली होती. दोन आठवड्यांत तिच्या तोंडावर कळा आली होती. कपाटाचं दार सताड उघडं होतं, आत तिनं धुतलेल्या चादरींच्या घड्या लावल्या होत्या. तिनं मला वाटीभर शिरा खायला लावला, वर आणखी चमचाभर वाढला. "सुटले बघ मी," कानाशी लागून म्हणाली. "आता रातीला डोळ्याला डोळा लागतोय. तुझं भलं हुईल, वैजू."

चाचा पायरीवर बसले होते, रिक्षा थांबवून. मी पेटी उचलून खांद्याला अडकवली आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला, तर पेटी मागं ओढली गेली. वळून बघितलं. चाचीनं पेटीचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. तिचं तिलाही कळलं नसावं. ती माझ्याकडं बघत नव्हती, पेटीकडं बघत होती.

"चाची?"

तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

चाचा उठून जवळ आले. "सोड, खैरून," म्हणाले. "गाडी चुकंल. पोरीला दिल्लीला जायाचं हाय."

"तिला बी जायाचं हुतं की," चाची म्हणाली.

पुण्याच्या मॅचमध्ये तस्लीम दिल्लीसाठी निवडली गेली होती. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि दोन वर्षांत कुणी कुणापाशी बोललं नव्हतं.

चाचांनी तिची बोटं सोडवली नाहीत. त्यांनी आपला हात तिच्या हातांवर ठेवला आणि तसेच उभे राहिले. मीही पट्टा ओढला नाही. बाहेर रिक्षावाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. मग चाचीनं आपणहून हात काढून घेतले, पदर डोक्यावरनं नीट ओढला आणि पेटीवरनं एकदा तळहात फिरवला, वरपासून खालपर्यंत.

"जा," म्हणाली. "घेऊन जा तिला."